आत काय दिलं, बाहेर काय आलं

“काट्यावर आठ सत्तेचाळीस व्हतं. कागदावर आठ चाळीस. मधलं सात कुठं गेलं?”

गोष्ट २०१३ सालच्या हिवाळ्यातली. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा वाहते, तिच्या काठच्या एका गावातलं दूध संकलन केंद्र. संध्याकाळचं दूध घालून झालेलं, कॅन धुवायला काढलेले, आणि मावशी पायरीवर बसलेल्या. त्यांच्या हातात पावती होती. पावतीवरचा आकडा माझ्या प्रोग्रॅमने छापलेला होता.

मी समजावलं. “मावशी, पावतीचा कागद अरुंद आहे. लिटरच्या रकान्यात एकच दशांश मावतो. म्हणून छापताना ८.४ दिसतं. पैसे पूर्ण ८.४७ लिटरचेच मिळतात तुम्हाला.”

“पैशातबी सात न्हाईत,” मावशी म्हणाल्या आणि पिशवीतून शाळकरी दोनशेपानी वही काढली. तारीख, सकाळ-संध्याकाळ, काट्यावरचा आकडा, कागदावरचा आकडा. चार महिन्यांच्या नोंदी. शेवटच्या रकान्यात नातवाने कॅल्क्युलेटरवर केलेला हिशोब. त्या दिवशी त्यांच्या दुधाला फॅट आणि एसएनएफ बघून लिटरला २२ रुपये भाव लागला होता. ८.४७ लिटरचे होतात १८६ रुपये ३४ पैसे. पावतीवर होते १८४ रुपये ८० पैसे. म्हणजे ८.४ लिटरचे.

मी हसायचा थांबलो.

रात्री शटलने पुण्याला न जाता दौंडला मित्राच्या खोलीवर थांबलो आणि लॅपटॉप उघडला. चूक सापडायला वीस मिनिटं लागली. ती का झाली, हे समजायला मात्र बरीच वर्षं गेली, आणि ते समजून घेता घेता मी १९५१ च्या केंब्रिजपर्यंत आणि १८७५ च्या सुप्यापर्यंत जाऊन आलो. हा लेख त्या प्रवासाचा आहे.

*

प्रोग्रॅमिंग न केलेल्यांसाठी आधी दोन शब्द. मोठा प्रोग्रॅम कुणी सलग लिहीत नाही. पुन्हा पुन्हा लागणारं काम एकदाच लिहून बाजूला ठेवतात, त्याला नाव देतात आणि गरज पडेल तेव्हा नावाने हाक मारतात. याला सबरूटीन म्हणतात. हल्ली बहुतेक ठिकाणी फंक्शन म्हणतात.

गावातली पिठाची गिरणी म्हणजे सबरूटीनच. तुम्ही ज्वारीचा डबा देता, गिरणीवाला दळतो, डब्यातून पीठ परत येतं. आत काय होतं याच्याशी तुम्हाला देणंघेणं नसतं. आत जातं ते आर्ग्युमेंट, बाहेर येतं ते रिटर्न.

आता यात एक बारीक फरक आहे, आणि सगळी गोष्ट त्या फरकाची आहे. तुम्ही गिरणीवाल्याला डबा दिलात तर जास्तीत जास्त डब्यातली ज्वारी बिघडेल. पण डब्याऐवजी घरातल्या कणगीची किल्ली दिलीत आणि म्हणालात, “लागेल तेवढं घे,” तर? गिरणीवाला सज्जन असला तरी आता त्याचा हात तुमच्या मूळ धान्यात आहे. त्याने कणगीतच काही केलं तर ते तुमच्या घरात झालं.

माझ्या प्रोग्रॅममध्ये आकडा लहान करून दाखवणारं एक छोटं सबरूटीन होतं. भाषा होती पर्ल. पर्लमध्ये सबरूटीनला जे काही द्याल ते सगळं @_ नावाच्या एका यादीत येऊन पडतं. तिचं नाव एवढंच, एक चिन्ह आणि एक अधोरेषा. मी त्या यादीतल्या पहिल्या आकड्याची पहिल्या दशांशापुढची शेपटी कापली आणि परत दिला. एक ओळ वाचवायची म्हणून आकड्याची वेगळी प्रत केली नाही, यादीतल्या जागीच कापला.

आणि पर्लमध्ये त्या यादीतली जागा म्हणजे प्रत नसते. ती किल्ली असते. तिथे बदललं की हाक मारणाऱ्याच्या घरातलं मूळ बदलतं. माझ्या सबरूटीनने छापण्यासाठी ८.४७ चं ८.४ केलं, ते मूळ लिटरचंही झालं, आणि पुढच्याच ओळीत त्या लिटरला भावाने गुणलं जात होतं. चाचणी घेताना मी ८.५, १०.०, १२.५ असे सोपे आकडे घातले होते. ते सगळे बरोबर आले होते, कारण कापायला त्यांना शेपटीच नव्हती.

शेपटी शून्यापासून नवापर्यंत काहीही असू शकते. सरासरी साडेचार, म्हणजे लिटरचे साडेचार शतांश. २२ च्या भावाने एका पावतीमागे साधारण एक रुपया. दहा दिवसांच्या एका पगारात वीस पावत्या, वीस रुपये. केंद्रावर साठेक शेतकरी. चार महिन्यांत बारा पगार झाले होते. गुणाकार तुम्ही करा. मी त्या रात्री केला आणि झोपलो नाही.

*

‘मूळ’ आणि ‘प्रत’ यांचा हा घोळ संगणकाइतकाच जुना आहे.

केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं, की वर्गमूळ काढणं, आकडे छापणं ही कामं प्रत्येक जण नव्याने लिहितोय आणि प्रत्येक जण नव्याने चुकतोय. मग अशा तुकड्यांच्या भोकं पाडलेल्या कागदी फिती करून त्यांची लायब्ररी केली गेली. त्या कामात मोठा वाटा डेव्हिड व्हीलर या विशीतल्या संशोधकाचा. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी १९५१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. संगणकाचे प्रोग्रॅम कसे लिहायचे यावरचं ते पहिलं छापील पुस्तक मानलं जातं.

व्हीलरपुढचा पहिला प्रश्न आकडे कसे द्यायचे हा नव्हताच. तो होता, परत कसं यायचं? वर्गमूळ काढणारा तुकडा प्रोग्रॅममधल्या दहा ठिकाणांहून बोलावला जाणार. काम संपल्यावर त्याला कळणार कसं, की आपण कुठून आलो? व्हीलरने काढलेली युक्ती आजही ‘व्हीलर जंप’ म्हणून ओळखली जाते. उडी मारण्याआधी आपण जिथे उभे आहोत तिथली खूण सोबत घ्यायची. सबरूटीनने आत गेल्यागेल्या त्या खुणेवरून परतीची सूचना तयार करायची आणि ती स्वतःच्याच शेवटच्या ओळीवर लिहून ठेवायची. म्हणजे सबरूटीन दर वेळी स्वतःचा शेवट बदलत असे. अजब वाटतं, पण ते चाललं. आकडे द्यायचे तर ते बोलावणाऱ्या ओळीच्या लगेच पुढे लिहून ठेवता येत, सबरूटीन तिथून उचलून घेई.

मग १९५७ मध्ये आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाची फोरट्रान आली, आणि १९५८ च्या दुसऱ्या आवृत्तीत सबरूटीन लिहायची रीतसर सोय झाली. फोरट्रानने सबरूटीनला आकडा न देता आकड्याचा पत्ता द्यायची पद्धत घेतली. कारण सरळ होतं. मेमरी महाग. हजार आकड्यांच्या यादीची प्रत करायला ना जागा होती ना वेळ. किल्ली देणं स्वस्त पडे.

यातून एक गंमत झाली, जी फोरट्रानवाले अजून सांगतात. सबरूटीनला ४ हा आकडा दिला आणि सबरूटीनने आत त्यात एक मिळवला, तर काही संगणकांवर चाराच्या जागी पाच होऊन बसे. त्यानंतर प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे ४ लिहिलंय तिथे तिथे ५. माणूस कागदाकडे बघत बसे, कागदावर सगळं बरोबर. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. तिथे कार्डांचे गठ्ठे घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या मंडळींपैकी कुणाकुणाला हा अनुभव आला असेल, अशी मला दाट शंका आहे.

१९६० च्या आल्गोलने पहिल्यांदा माणसाला विचारलं, बाबा रे, तुला यातलं नेमकं काय द्यायचंय? ‘व्हॅल्यू’ असं सांगितलं तर प्रत जाई. नाही सांगितलं तर नाव जाई. नाव म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठीवर ‘२२ रुपये’ न लिहिता ‘आजचा भाव’ असं लिहायचं. आत जेव्हा जेव्हा चिठ्ठी वाचली जाईल तेव्हा तेव्हा नव्याने भाव बघायचा. हुशारीचं काम, पण इतकं निसरडं की पुढच्या बहुतेक भाषांनी ते सोडून दिलं. सत्तरच्या दशकात डेनिस रिची यांच्या सी भाषेने सोपा नियम केला. जाते ती प्रतच. मूळ द्यायचं असेल तर पत्ता तुम्ही स्वतः लिहून द्या. म्हणजे किल्ली द्यायची तर निदान हाताने काढून द्या, चुकून देऊ नका.

मला हा नियम सगळ्यात माणुसकीचा वाटतो. पण मी पर्ल वापरत होतो.

*

इथे थोडं वेगळ्या वाटेने जातो.

शिरूरहून न्हावरा, केडगाव, चौफुला करत एक रस्ता सुप्याला जातो. माझी केंद्रं याच रस्त्याच्या आजूबाजूला होती, म्हणून तो मी मोटरसायकलवर असंख्य वेळा केलाय. चौफुल्याला चहा, मग पुढे. मावशींच्या वहीनंतर काही महिन्यांनी १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांबद्दल वाचायला लागलो, तेव्हा कळलं की त्या गोष्टीचं एक टोक शिरूर तालुक्यात आहे आणि दुसरं सुप्यात. शाळेत हे एका परिच्छेदात शिकलो होतो. ते आपल्या रस्त्यावर घडलं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

शिरूर तालुक्यातलं करडे गाव. १८७४ च्या अखेरीस तिथे काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदारावर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला, घर घेतलं आणि ते पाडायला काढलं. गाव बिथरलं. त्यांनी मारहाण केली नाही, बहिष्कार टाकला. सावकाराची जमीन कुणी कसेना, न्हावी हजामत करेना, पाणी भरणारा पाणी भरेना. हे लोण आसपासच्या गावांत गेलं. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याला भोवतालच्या गावांतले शेतकरी गोळा झाले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. आजचा दौंड तालुकाही त्या भीमथडीतलाच. (भीमथडीची तट्टं मराठ्यांच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. तालुका मात्र नकाशावरून गेला.)

सुप्याला काय झालं? दुकानं फोडली, धान्य लुटलं, काही घरांना आगी लावल्या. पण लोकांचा मुख्य हट्ट कागदांसाठी होता. रोखे द्या, वह्या द्या. मिळाले की जाळायचे. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे पसरलं. दंग्यांची चौकशी करायला सरकारने कमिशन नेमलं. दंगेखोरांना हवं होतं ते कर्जाचे कागद मिळवून नष्ट करणं, ही गोष्ट त्या चौकशीत पुन्हा पुन्हा पुढे येते.

कारणं अनेक होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ इथल्या कापसाला अचानक मागणी आली, कर्ज मुबलक मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज आटलं. त्यात शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली आणि काही ठिकाणी सारा पन्नास ते शंभर टक्के वाढला. हे सगळं खरं. पण मला जे वाचून धक्का बसला ते कागदांच्या रीतीबद्दल होतं.

शेतकरी पैसे भरत असे, धान्य घालत असे, त्याची पावती मिळत नसे. वही सावकाराकडे, एकच. रोख्यावर अंगठा शेतकऱ्याचा, मजकूर दुसऱ्याचा. त्यात काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. कमिशनपुढे लोकांनी हेच सांगितलं. फेडलं तरी पावती नाही, रोख्यात खोटे आकडे, आणि आमच्याकडे दाखवायला काही नाही. म्हणजे आत जातंय, बाहेर काहीच येत नाही. आणि जो कागद आत दिलाय, त्यावर पुढे काय लिहिलं जाईल यावर आपला ताबा नाही.

याच्या जोडीला १८५९ चा मुदतीचा कायदा. साध्या रोख्यावर कोर्टात दाद मागायची मुदत त्याने तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता, जुनीपुराणी कर्जं उकरून कुणाला छळू नये. झालं उलटं. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. जुनं मुद्दल अधिक साचलेलं व्याज, ही बेरीज नव्या रोख्याचं मुद्दल.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. शंभर रुपये, वर्षाला चोवीस टक्के. तीन वर्षांचं व्याज ७२. नवा रोखा १७२ चा. त्यावर पुन्हा तीन वर्षं, जवळपास २९६. आणखी तीन वर्षं, जवळपास ५०९. मधल्या नऊ वर्षांत शेतकऱ्याच्या हातात एक नवा पैसा आलेला नाही.

प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांना हा आकार ओळखीचा वाटेल. सबरूटीनमधून जे बाहेर आलं तेच पुन्हा आत द्यायचं, मग पुन्हा. थांबायची अट नाही.

आपल्याकडे थांबायची अट पूर्वी होती. दामदुप्पट. व्याज कधीही मुद्दलाहून जास्त वसूल करायचं नाही, असा जुना नियम. शंभरावर फार तर शंभर. पण रोखा फिरवून लिहिला की व्याज मुद्दल होऊन बसतं आणि नियम मोजणार कशाच्या आधारावर? त्याला मूळ आकडाच दिसत नाही. तो आधीच्या कागदात होता, आणि आधीचा कागद रद्द झालेला. कमिशनने नोंदवलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं होतं.

मूळ आकडा पुसला गेला, हे वाचताना मला माझा ८.४७ आठवला.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलतो. या दंग्यांची गोष्ट ‘बाहेरून आलेले सावकार विरुद्ध इथले शेतकरी’ अशी सांगायची आपल्याकडे सवय आहे, आणि मोर्चात किंवा व्हॉट्सॲपवर ती फार लवकर एखाद्या जातीच्या नावावर येऊन थांबते. मला ते पटत नाही. काही सावकार लबाड होते, नक्कीच. पण वही एकाच्याच घरात, पावतीची सक्ती नाही, कोर्ट शेवटचा रोखा सोडून मागचं काही बघत नाही, अशी रीत असेल तर लबाडी न करणाऱ्याच्या हातूनही माणूस बुडतो. मी कुणाला फसवायला निघालो नव्हतो. तरी साठ घरांतलं दूध कापत होतो.

*

१८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्या कायद्यावर टीका पुष्कळ झाली. सावकारांनी कर्ज देणं आखडतं घेतलं, पळवाटा निघाल्या, वगैरे. ते बाजूला ठेवून नुसती त्याची कलमं वाचा. एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमरने लिहिल्यासारखी वाटतात.

शेतकऱ्याने करून दिलेला रोखा गावच्या निबंधकासमोर झाला पाहिजे, नाहीतर पुराव्यात चालणार नाही. अस्सल कागद एका पक्षाकडे, दुसऱ्याला त्याची नक्कल. पैसे भरले की लेखी पावती मागायचा हक्क. वर्षाचा हिशोब मागायचा हक्क. पासबुक मागायचा हक्क.

आणि सगळ्यात भारी कलम कोर्टासाठीचं. कोर्टाने समोरच्या रोख्यावर थांबायचं नाही, व्यवहार सुरू झाला तिथपर्यंत मागे जायचं. मुद्दल आणि व्याज वेगवेगळं मांडायचं. मधल्या काळात जे व्याज मुद्दलात मिसळवलं गेलं असेल ते, खास कारण नसेल तर, मुद्दल म्हणून धरायचं नाही.

प्रोग्रॅम कोसळला की आपण काय करतो? शेवटच्या चुकीच्या आकड्याकडे बघून भागत नाही. हे सबरूटीन कुणी बोलावलं, त्याला कुणी, त्याला कुणी, आणि प्रत्येक वेळी आत काय दिलं गेलं, असं एकेक पायरी मागे जातो. शिरूर-भीमथडीच्या शेतकऱ्यांना हा हक्क मिळाला तेव्हा केंब्रिजचा एडसॅक सत्तर वर्षं लांब होता.

पासबुकाचा मुद्दा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. मावशींची दोनशेपानी वही हे दुसरं काय होतं? कायद्याने कुणी ती ठेवायला सांगितली नव्हती. माझी सिस्टीम पावती देत होती, पण माझ्याच पोटातला आकडा छापून. वही मात्र काट्यावरून थेट उतरलेली. तिच्यात मला हात घालता येत नव्हता.

*

आता पर्लकडे. लॅरी वॉल यांनी पहिली आवृत्ती डिसेंबर १९८७ मध्ये लोकांपुढे ठेवली. ते भाषाशास्त्र शिकलेले. त्यांना हवं होतं ते ढिगाऱ्यातून माहिती वेचून अहवाल काढणारं हत्यार, आणि त्या कामात पर्ल खरंच तरबेज आहे. काट्याने ओकलेले आकडे उचला, जुळवा, छापा. माझ्यासारख्या एकट्या माणसाने एका आठवड्यात दूध केंद्राची सिस्टीम उभी केली ती या भाषेच्या जोरावर.

पण सबरूटीनच्या बाबतीत ती फार मोकळीढाकळी. आत येणारं सगळं एकाच यादीत. दोन याद्या दिल्या तर दोन पोती एकाच कणगीत ओतल्यासारख्या एक होतात, पहिली कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. याद्या वेगळ्या ठेवून द्यायची नीट सोय १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत आली, ‘रेफरन्स’ या नावाने. ‘माय’ हा शब्दही त्याच आवृत्तीतला, सबरूटीनच्या स्वतःच्या, बाहेरून न दिसणाऱ्या वस्तूंसाठी. शिष्ट पर्लवाले पहिल्याच ओळीत ‘माय’ लिहून @_ मधलं सगळं स्वतःच्या वस्तूंमध्ये उतरवून घेतात. म्हणजे प्रत करतात. मग आत काहीही कापा. तिथेही एक खड्डा आहेच. डावीकडे कंस घातला तर यादीतली पहिली वस्तू मिळते, कंस विसरला तर याद्यांची लांबी. मी एकदा सगळ्या गावाला प्रत्येकी एक लिटर दूध घालायला लावलं होतं. ते निदान लगेच दिसलं.

सबरूटीनच्या नावापुढे कंसात आर्ग्युमेंटची नावं लिहायची साधी सोय, जी पायथॉनमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, ती पर्लमध्ये २०१४ मध्ये प्रायोगिक म्हणून आली आणि २०२२ मध्ये पक्की झाली. पस्तीस वर्षं. आणि पायथॉनवाल्यांनी फार हसू नये. पायथॉनमध्ये सबरूटीनला यादी दिलीत आणि आत तिच्यात काही घातलंत, तर बाहेरचीच यादी वाढते. एकदा करून बघा.

माझी दुरुस्ती एका ओळीची होती. रात्री दीडला ती केली. ‘माय’, कंस, बरोबर, @_. खाली कापाकापी त्या प्रतीवर.

*

दुरुस्तीपेक्षा भरपाई अवघड निघाली.

काट्याकडून आलेले कच्चे आकडे मी एका फाइलमध्ये साठवत होतो, पण फक्त महिनाभराचे. जागा वाचावी म्हणून जुने पुसले जात. त्या एका महिन्याचा हिशोब पैशापर्यंत लागला. आधीच्या तीन महिन्यांत नोंदीत उरलं होतं ते कापलेलं ८.४. त्याच्या मागे ८.४० होतं की ८.४९, हे आता जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी केंद्रचालक आणि मी मिळून ठरवलं, मागच्या प्रत्येक पावतीमागे सरासरीने साडेचार शतांश लिटरचे पैसे द्यायचे, आणि ते माझ्या बिलातून वळते करायचे. लोकांना गोळा करून काय झालं ते सांगितलं. दोघंतिघं चिडले, एकाने “इंजिनिअर हाय का खेळ” असं विचारलं, बाकीच्यांनी आकडे ऐकून घेतले. नंतर बऱ्याच जणांनी पावत्या खिळ्याला टोचून ठेवायला सुरुवात केली.

मावशींना सरासरीची गरज नव्हती. त्यांच्याकडे मूळ होतं. मी त्यांची वही घेऊन बसलो, दोनशे चाळीस पावत्या एकेक करून काट्याच्या आकड्यावरून पुन्हा मोजल्या. सरासरीने त्यांचे दोनशे चाळीस रुपये होत होते. वहीप्रमाणे झाले दोनशे एक्कावन्न.

पैसे त्यांनी दोनदा मोजले, कनवटीला लावले. मग वही उघडून शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

“लिव हितं. किती दिलं, कशाचं दिलं. आन खाली सही कर.”